लाकडाची ‘लोहनौका’

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे स्वातंत्र्य इ. स. १७८३ च्या तहाने मान्य झाले आणि पुढच्या दोनच वर्षांत त्या राष्ट्राने आपली उरलेली शेवटची युद्धनौका विकून टाकली. तिजोरी रिकामी होती व डोईवर कर्ज होते. त्याच १७८५ साली उत्तर आफ्रिकेतील अल्जियर्सच्या समुद्री लुटारूंनी दोन अमेरिकन व्यापारी जहाजे पकडून एकवीस माणसांना बंदिवान केले. १७९३ मध्ये आणखी अकरा जहाजे त्यांच्या हाती पडली. खंडणी भरून या कैद्यांना सोडविण्यास १७९६ साल उजाडले. पहिल्या तुकडीतील काहींची उमेदीची अकरा वर्षे परमुलखात गुलामीत गेली.

या नामुष्कीतून २७ मार्च १७९४ चा कायदा जन्मास आला. सहा फ्रिगेट बांधाव्यात, परंतु अल्जियर्सशी तह झाल्यास काम थांबवावे, असे त्यात म्हटले होते. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांची, तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान युद्धनौका. पुढे तह झालाच. तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी विषय पुन्हा काँग्रेसपुढे ठेवला व तूर्त तीन नौका पुऱ्या करण्यास संमती मिळाली.

फिलाडेल्फियाचे नौकाशिल्पी जोशुआ हम्फ्रीज यांचा विचार साधा, पण मार्मिक होता. ब्रिटिशांपाशी शेकडो जहाजे. संख्येत त्यांची बरोबरी अशक्य. तेव्हा नौका थोड्याच असाव्यात, परंतु त्यांतील प्रत्येक नौका शत्रूच्या कोणत्याही फ्रिगेटहून बलवान आणि त्याच्या मोठ्या जहाजांहून चपळ असावी. जिला हरविता येईल तिच्याशी लढावे, जिला हरविता येणार नाही तिच्यापासून निसटावे. ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही यांतील सर्वांत प्रसिद्ध नौका. तिची पाण्याच्या पातळीवरील लांबी १७५ फूट, रुंदी साडेत्रेचाळीस फूट आणि नोंदलेल्या तोफा ४४. प्रत्यक्षात त्याहून अधिक तोफा ती वागवीत असे.

तिचे मर्म लाकडात आहे. सांगाड्याच्या बरगड्या दक्षिणेकडील सदाहरित ओक वृक्षाच्या होत्या. हे लाकूड इतके जड, की ओले असताना पाण्यात टाकल्यास बुडते. (वर्गात बाभूळ, साग व पांगारा यांचे सारख्या मापाचे तुकडे पाण्यात टाकून कोणता किती बुडतो ते दाखविल्यास घनतेची कल्पना मुलांना चटकन येते.) बरगड्या अगदी लगत उभ्या करून त्यांच्या आत-बाहेर पांढऱ्या ओकच्या जाड फळ्या ठोकल्या. अशा रीतीने पाण्याच्या पातळीजवळ भिंतीची जाडी सुमारे २१ इंच झाली.

लांब लाकडी जहाजाचा आणखी एक रोग असतो. त्याची दोन्ही टोके निमुळती असल्याने पाणी त्यांना कमी उचलून धरते. मधला भाग मात्र वर रेटला जातो. कालांतराने कणा वाकून जहाजास जणू कुबड येते. हम्फ्रीज यांनी यावर पोटात तिरप्या तुळया बसविल्या. शेताच्या फाटकाला सुतार जी तिरपी फळी ठोकतो तिचे काम हेच. ती काढली की फाटक लोंबू लागते, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते.

हे लाकूड जॉर्जियाच्या दलदलीच्या बेटांवरून आले. तेथे उत्तरेकडून गेलेले लाकूडतोडे हिवतापाने पटापट आजारी पडले. बरेचसे काम काळ्या गुलामांकडून करून घेण्यात आले. आपल्या लोकांना गुलामीतून सोडविण्यासाठी काढलेल्या नौकांचे लाकूड गुलामांनी तोडावे, ही विसंगती इतिहास शिकविताना झाकून ठेवू नये.

बोस्टन येथे सप्टेंबर १७९७ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ पाण्यात लोटण्याचे दोन प्रयत्न फसले. उतार पुरेसा नव्हता. तिसऱ्या खेपेस, २१ ऑक्टोबरला, ती तरंगली.

खरी कसोटी १८१२ च्या ब्रिटिश-अमेरिकन युद्धात लागली. त्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ पाच ब्रिटिश जहाजांनी तिचा पाठलाग केला, आणि वारा अगदी पडला. शिडाचे जहाज वाऱ्यावाचून निव्वळ ओंडका! तेव्हा कप्तान आयझॅक हल यांनी एक लहान नांगर होडीतून पुढे नेऊन टाकविला. नांगराचा दोर जहाजावरील खलाशांनी ओढावयाचा, जहाज नांगरापर्यंत सरकले की पुन्हा दुसरा नांगर पुढे न्यावयाचा, असा क्रम चालला. ओझे कमी करण्यासाठी पिण्याचे पाणीही समुद्रात ओतले. दोन दिवसांहून अधिक काळ ही धडपड चालली व नौका निसटली.

महिन्याभराने, १९ ऑगस्टला, तिने ‘गेरिएर’ या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. शत्रूचे गोळे तिच्या बाजूवर आपटून उलटलेले पाहून खलाशांनी तिला लोखंडी म्हटले, अशी परंपरा आहे. मात्र तिच्या तोफा २४ पौंडी गोळ्यांच्या, तर ‘गेरिएर’च्या मुख्य तोफा १८ पौंडी, आणि तिच्यावर माणसेही अधिक होती. त्यामुळे हा चमत्कार नव्हे. १७९४ मध्ये कागदावर मांडलेला हिशेब समुद्रावर बरोबर आला, इतकेच.

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर तिने ‘जावा’ ही नौका जिंकली. ही नौका मुंबईकडे निघाली होती. तीवर मुंबईस वरिष्ठ पदावर रुजू होण्यास निघालेले सेनानी टॉमस हिस्लॉप होते; शिवाय मुंबईस बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून जहाजाच्या तळाला असे पत्रे ठोकीत. ‘जावा’ची दुर्दशा इतकी झाली होती, की ती जाळून टाकावी लागली. हिस्लॉप सुटून पुढे हिंदुस्थानात आले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव करणारे आणि १८१८ च्या फेब्रुवारीत धुळे जिल्ह्यातील थाळनेरच्या किल्लेदारास फाशी देणारे ते हेच हिस्लॉप. खानदेशातील शिक्षकांना हा धागा विशेष उपयोगी पडेल.

मुंबईची गोदीही या कथेत येते. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ७४ तोफांची सागवानी ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली. एप्रिल १८१५ मध्ये तिने अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’चा असा पिच्छा पुरविला, की ‘हॉर्नेट’ला तोफा समुद्रात फेकून पळावे लागले. तह केव्हाच झाला होता; परंतु ती वार्ता दोघांपर्यंत पोहोचली नव्हती.

‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बोस्टनच्या बंदरात तरंगत आहे. १९२५ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेतील शाळकरी मुलांनी पै-पैसा गोळा केला. आता तिच्या डागडुजीस लागणारा पांढरा ओक इंडियाना राज्यातील नौदलाच्या जंगलात खास राखून ठेवलेला असतो.