यात्रेस जाण्यापूर्वी : सदनिकाधारकांनी घ्यावयाची दक्षता



चैत्रात जोतिबा, आषाढीस पंढरपूर, मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेस सौंदत्तीची यल्लम्मा, माघातच चिंचलीची मायाक्का. बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक घराण्यांत या वाऱ्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. यात्रेच्या तिथी पंचांगात छापलेल्या असतात. त्यामुळे कोणते घर केव्हा बंद राहणार, हे भक्तांप्रमाणेच चोरासही आधी ठाऊक असते. देवदर्शन घेऊन परतल्यावर दाराचा कोयंडा उचकटलेला पाहण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये, या हेतूने हा लेख देत आहोत.

गल्लीचा पहारा

पूर्वी आपली वस्ती गल्लीतील घरांत होती. दारातील कट्ट्यावर कोणी ना कोणी बसलेले असे. अनोळखी माणूस आला की "कोण पाहिजे?" ही हाक आपोआप येई. तोच गल्लीचा पहारा होता. आज टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर अशा भागांत तसेच निपाणीतही सदनिका वाढल्या. मुले पुण्यास किंवा बेंगळुरास नोकरीला आणि घरी दोन वृद्ध, असे चित्र सर्वत्र दिसते. समोरच्या दारात कोण राहते हेही अनेकांस माहीत नसते. सदनिकेचे दार भक्कम असते, परंतु हाक मारणारा माणूस नाहीसा झाला आहे. तो पुन्हा उभा करणे हाच सुरक्षेचा पहिला उपाय होय.

घर बंद करताना

१. बाहेरून लावलेले मोठे कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरातच करते. चोर बहुधा कुलूप फोडत नाही. तो लोखंडी सळईने कोयंडा उचकटतो. म्हणून दारातच बसविलेले अंतर्गत कुलूप अधिक बरे.
२. दूध व वृत्तपत्र बंद करण्यास सांगावे. दारात साचलेली वृत्तपत्रे घर रिकामे असल्याचे सांगतात.
३. किल्ली कुंडीखाली, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नये. ती विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी.
४. बाल्कनीचे दार व स्नानगृहाची खिडकी आतून बंद आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात सर्वांची दारे-खिडक्या बंद असतात आणि पावसाच्या आवाजात खडखडाट ऐकू येत नाही, हेही ध्यानी ठेवावे.
५. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. गळतीचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.
६. आपल्या पोलीस ठाण्यात बंद घराची माहिती देऊन रात्रीच्या गस्तीत लक्ष ठेवण्याची विनंती करावी.
७. यात्रेतील छायाचित्रे घरी परतल्यावरच मोबाईलवरून सर्वांस पाठवावीत.

कधी कधी चोर शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग एखादे घर फोडतात. म्हणून मजल्यावरील प्रत्येकाकडे इतरांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. आणीबाणीत ११२ क्रमांकावर पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका या तिन्ही सेवा मिळू शकतात.

दागिने

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे श्रेयस्कर. मात्र १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. दोन हजार रुपये भाडे असल्यास ही मर्यादा दोन लाख होते. म्हणून दागिन्यांची छायाचित्रे व पावत्या स्वतंत्र जपून ठेवाव्यात. चोरीनंतर माल ओळखण्यासही त्यांचाच उपयोग होतो.

दारातून व दूरध्वनीवरून येणारे चोर

दागिन्यांस झळाळी देतो म्हणणारा, मीटर तपासण्यास आलो म्हणणारा, "पुढे दंगा झाला आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा" असे सांगणारा तोतया पोलीस, हे प्रकार जुने आहेत. दाराची साखळी न काढता ओळखपत्र पाहावे. शंका आल्यास शेजाऱ्यास बोलवावे.

नवा चोर दार फोडतच नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याने अशाच भामट्यांच्या धमक्यांमुळे लाखो रुपये गमावले व अखेर जीवन संपविले. ही घटना आठवली की आजही मन विषण्ण होते. "डिजिटल अटक" असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस मोबाईलच्या पडद्यावरून अटक करीत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. असा फोन आल्यास तो बंद करावा, घरच्यांस सांगावे. पैसे गेले असल्यास १९३० वर तत्काळ कळवावे. भीतीपोटी किंवा लाजेने गप्प राहू नये.

तक्रार करताना

आपला भाग सीमेवरचा. महामार्गाने निपाणीहून निघालेला चोर अल्पावधीत कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात जातो. आपणही यात्रेस जाता-येता सीमा ओलांडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीस वाचून दाखविणे बंधनकारक आहे व प्रत विनामूल्य मिळते. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. ज्यांस कन्नड वाचता येत नाही त्यांनी अर्थ समजावून घेतल्याखेरीज सही करू नये. चोरीनंतर पोलीस येईपर्यंत घरातील वस्तूंस हात लावू नये, अन्यथा ठसे पुसले जातात.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातील चोरी आणि देवस्थानातील मूर्तीची चोरी एकत्र ठेवल्या आहेत. दोहोंस सात वर्षांपर्यंत कारावास आहे. घर व देऊळ यांचे पावित्र्य कायद्यानेही एका ओळीत मानले, असेच आम्हांस वाटते. देवळाची राखण आपण सर्व मिळून करतो, तशीच शेजाऱ्याच्या घराचीही करावी. यंदा यात्रेस निघताना समोरचे दार वाजवून "आम्ही चाललो, घराकडे लक्ष असू द्या" एवढे अवश्य सांगावे, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
चिटणीस, विश्वस्त मंडळ