धरणांच्या तालुक्यात पाण्याचा हिशोब

मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा शहापूर तालुका आणि त्याला लागून असलेल्या मुलखाचा आहे. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, पुढे भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. महानगराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचे असते. याच तालुक्यात कसारा, वाशाळा, डोळखांब या पट्ट्यातल्या पाड्यांवर होळी उलटली की बायका टँकरची वाट बघतात. हा विरोधाभास ठाणे जिल्ह्यात सर्वांना पाठ आहे. दर एप्रिलमध्ये त्याची बातमी होते आणि पहिल्या पावसाबरोबर ती वाहून जाते.

या बातमीच्या पुढे जायचे तर आकडेमोड करायला बसावे लागते. शहापूर आणि त्याच्या शेजारचा मुरबाड या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार मिळून पाच लाखांच्या घरात होती. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. शहरासाठी हाच आकडा १३५ आहे, आणि ही तफावत मला कधीच पटलेली नाही, पण तूर्त ५५ च धरू. पाच लाख माणसांना रोज पावणेतीन कोटी लिटर, म्हणजे साडेसत्तावीस दशलक्ष लिटर पाणी लागेल. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा हा एक टक्काही नाही. आता वरून पडणारे पाणी पाहू. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो. एवढा पाऊस एका हेक्टरवर पडला तर अडीच कोटी लिटर पाणी होते. हजार वस्तीच्या गावाची वर्षभराची गरज दोन कोटी लिटरची. म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढे पाणी हेक्टरभर जमिनीवर चार महिन्यांत पडून जाते.

मग अडते कुठे? खाली काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर, आणि उतार तीव्र. पाणी मुरायला जागा नाही आणि मुरले तरी ते खडकाच्या भेगांतून ओढ्याला लागते. दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर शिमग्यापर्यंत तळ गाठते. दुसरी अडचण उंचीची. जलाशय दरीत आहेत आणि पाडे वर डोंगराच्या सोंडांवर. तानसा-वैतरणेचे पाणी शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास उताराने करून मुंबईला पोचते, कारण मुंबई खाली आहे. धरण डोळ्यांसमोर असलेल्या पाड्याला मात्र ते पंपाने वर चढवावे लागते.

अशी गणिते कागदावर मांडणाऱ्या आणि ती लोकांपुढे ठेवणाऱ्या एका माणसाची ओळख या निमित्ताने करून द्यायची आहे. मिलिंद सोहोनी हे आयआयटी मुंबईचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्या जगात त्यांचे नाव वेगळ्याच कारणासाठी घेतले जाते. एखाद्या कोड्याचे उत्तर तपासणे सोपे असेल, तर ते शोधून काढणेही तितकेच सोपे असते का, हा संगणकशास्त्रातला अजून न सुटलेला प्रश्न आहे. केतन मुळमुळे आणि सोहोनी यांनी २००१ मध्ये या प्रश्नाकडे भूमितीच्या वाटेने जाण्याचा एक मार्ग मांडला आणि जगभरातले गणिती आजही त्या वाटेवर काम करतात. एवढ्यावर एखाद्याची कारकीर्द सुखाने पार पडली असती. सोहोनी वळले ते ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणाऱ्या, आयआयटीतच १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘सितारा’ या केंद्राकडे. तिथे २००७ पासून ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एम.टेक. करता येते. हे विद्यार्थी कित्येक आठवडे खेड्यात राहतात, नळयोजनांचे पाइप, टाक्या आणि वीजबिले तपासतात आणि जे आढळले ते अहवालात लिहून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर मांडतात.

ठाणे जिल्हा अविभक्त होता तेव्हा या केंद्राने इथल्या टँकरग्रस्त गावांचा अभ्यास केला. त्यातला मोखाडा तालुक्याचा २०१३ चा अहवाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागचा विचार शहापूर-मुरबाडला जसाच्या तसा लागू पडतो. एकट्या गावाची योजना त्या गावच्या विहिरीवर अवलंबून असते आणि विहीर आटली की योजनाही आटते. खात्रीचा साठा असलेल्या धरणातून अनेक गावांना मिळून पाणी द्यायचे, तर पाइपांचे जाळे लागते. या जाळ्याचा निम्म्याहून जास्त प्रश्न पाइपाच्या व्यासात दडलेला असतो. पाइप अरुंद घेतला तर स्वस्त पडतो, पण पाणी घासत जाते, दाब मरतो आणि शेवटच्या पाड्याच्या नळाला नुसती हवा येते. रुंद घेतला तर दाब टिकतो, पण खर्च आवाक्याबाहेर जातो. पंचवीस-तीस गावांच्या जाळ्यात कुठल्या टप्प्याला कुठला व्यास याचे पर्याय इतके होतात की हाताने सर्वांत स्वस्त जोडणी सापडणे कठीण. आयआयटीतलेच ओम दामाणी आणि निखिल हुडा यांनी त्यासाठी ‘जलतंत्र’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. गावांची उंची, अंतरे, मागणी आणि पाइपांचे दर भरले की ती प्रत्येक नळाला पुरेसा दाब राखून कमीत कमी खर्चाचे जाळे काढून देते. ती कुणालाही मोफत वापरता येते.

उंचीच्या धास्तीबद्दलही थोडे सांगायला हवे. हजार वस्तीच्या गावाचे रोजचे ५५ हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचे, तर पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून दिवसाला सुमारे २५ युनिट वीज लागते. दोनशे घरांत वाटली तर घरामागे महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत. म्हणजे ‘डोंगरावर पाणी परवडत नाही’ हे वाक्य तपासल्याशिवाय मान्य करू नये. योजना बंद पडतात त्या फुटलेल्या पाइपांमुळे, थकलेल्या बिलांमुळे, आणि दुरुस्ती कुणी करायची हे ठरलेले नसल्यामुळे. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि मोजली की त्यावर ग्रामसभेत बोलता येते.

सोहोनींच्या कामाचा तिसरा धागा लेखनाचा. ‘लोकसत्ता’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ते लिहितात. ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत २०१२ साली त्यांनी आयआयटीतल्या शिक्षण आणि संशोधनाची कठोर तपासणी केली. त्यांचे म्हणणे असे की आपल्या नामांकित संस्था भोवतालच्या समाजाच्या प्रश्नांचा अभ्यास करत नाहीत आणि म्हणून त्या प्रश्नांवरचे व्यावसायिक ज्ञान तयारच होत नाही. पाण्याची योजना, एसटीचे वेळापत्रक, चुलीचे इंधन हे अभियांत्रिकीचे विषय आहेत, हा आग्रह त्यांनी सोडलेला नाही. राज्य सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागे हाच विचार होता. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्याच प्रशासनासाठी अभ्यास करावेत, अशी ती योजना.

देशातल्या संस्थांबद्दल हे म्हणताना परदेशी गेलेल्या अभियंत्यांची धडपड मी कमी लेखत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ उभी करणारे रवी कुचिमंची नर्मदा खोऱ्यात आले. तिथे नंदुरबारच्या बिलगावात त्यांच्या मदतीने २००३ साली धबधब्यावर वीज तयार झाली. ‘स्वदेस’ चित्रपटाला प्रेरणा तिथली. तीन वर्षांनी सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पुरात तो प्रकल्प गेला. गावकऱ्यांनी श्रमदानाने उभारलेले यंत्र उत्तम चालत होते, पण धरणाची उंची किती असावी हे ठरवणारा कागद गावाच्या हाती नव्हता.

मुरबाडमध्ये हा कागदाचा झगडा समोरासमोर लढला गेला. मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांसाठी काळू नदीवर धरण बांधायचे ठरले. त्यात जवळजवळ एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. वनखात्याची मंजुरी नसताना २०११ मध्ये काम सुरूही झाले. कार्यकर्त्या इंदवी तुळपुळे ज्या श्रमिक मुक्ती संघटनेत काम करतात, ती संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. मोर्चे निघालेच, पण न्यायालयात उभे राहिले ते परवानग्यांचे, तारखांचे आणि क्षेत्रफळाचे तपशील. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली माणसे या तपशिलांनिशी बोलू लागली, ही मला या लढ्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. अभियंता आणि कार्यकर्ता यांच्या कामाची सांधजोड इथेच होते.

शहापूरसाठी आता भावली धरणातून पाणी आणण्याची योजना मंजूर आहे. भावली इगतपुरीच्या घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे पाणी उताराने खाली येईल आणि पंपाचा खर्च वाचेल. उताराचे पाणी आणताना अडचण उलट असते. घाट उतरताना दाब इतका वाढतो की तो तोडायला मध्ये टाक्या बांधाव्या लागतात, नाहीतर सांधे फुटतात. आणि त्या टाक्या चुकीच्या उंचीवर आल्या, तर पलीकडच्या टेकडीवरचा पाडा कोरडा राहतो. म्हणून आपल्या पाड्याच्या टोकाच्या नळाला आराखड्यात किती मीटर दाब धरला आहे, मधली टाकी कुठल्या उंचीवर आहे आणि पाइपाचा व्यास किती, हे तीन आकडे प्रत्येक ग्रामसभेने लेखी मागून घ्यावेत. चर बुजवण्याआधी ते मागता येतात आणि चूक दुरुस्तही करता येते. शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांतली मुले मोबाइलवर उंची नोंदवून ते ताडून पाहू शकतात. तेवढे त्यांना शिकवायला आठवडा पुरेल.