वेगवान प्रतिस्पर्ध्याकडून महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा पराभव : एक कारणमीमांसा

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे मालवण, वेंगुर्ले, कणकवली किंवा सावंतवाडी येथील संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पुढे सरकला की त्याची गाठ मुंबई शहरातील संघांशी पडते. मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीत बास्केटबॉल हा पिढ्यान्‌पिढ्या मोहल्ल्यातला खेळ आहे. किनारपट्टीवरील मुलामुलींची पहिली ओळख मात्र बहुधा कबड्डी, खो-खो व व्हॉलीबॉल या खेळांशी होते, बास्केटबॉल त्यांच्या हाती उशिरा येतो. अशा संघाचा वेगवान संघाकडून पराभव झाला म्हणजे त्याचे कारण जवळजवळ ठरलेले असते : "मुलांचा दम कमी पडला." पुढील हंगामात त्यावर उपायही ठरलेलाच असतो, तो म्हणजे मैदानाला आणखी फेऱ्या.

हे निदान बहुतांशी चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वेगवान संघासमोर दम कमी पडतो हे खरे. परंतु पराभवाची सुरुवात त्याआधी, प्रतिस्पर्ध्याने ठरविलेली गती आपण नकळत मान्य करतो त्या क्षणी झालेली असते. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाकडे सरावासाठी असलेला काळ फार थोडा असतो. तो चुकीच्या निदानावर खर्च होणे ही गंभीर बाब आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती केवळ हार-जितीपुरती मर्यादित नाही.

मिशिगनचा पराभव

या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेत सापडते. दिनांक १८ मार्च १९९० रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत मिशिगन विद्यापीठाचा संघ लॉस एंजेलिस येथील लॉयोला मेरीमाउंट या तुलनेने लहान संस्थेच्या संघाकडून ११५ विरुद्ध १४९ असा हरला. मिशिगन हा आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता होता. प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांच्या हाताखाली उंच, बळकट व अनुभवी खेळाडू होते. स्पर्धेच्या मानांकनात मिशिगन आपल्या विभागात तिसरा, तर लॉयोला अकरावा होता.

लॉयोलाचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची पद्धत त्या काळी विक्षिप्तपणाची समजली जाई. चेंडू हाती आल्यापासून सुमारे सात सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने फेक झालीच पाहिजे, हा त्यांचा नियम होता. त्या वेळी अमेरिकी महाविद्यालयीन खेळात एका चढाईसाठी तब्बल ४५ सेकंद मिळत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे वेगळेपण कळते. चढाई संपताच पाचही खेळाडू संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला घेरत. ही घेराबंदी फुटून समोरच्या संघाला सोपी बास्केट मिळाली तरी वेस्टहेड यांची हरकत नसे. सोपी बास्केट म्हणजे लगेच केलेली बास्केट, आणि लगेच केलेली बास्केट म्हणजे समोरचा संघही आपल्याच गतीने खेळू लागला. या संघाने १९८९-९० च्या हंगामात सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण मिळवले.

मिशिगनसमोर सापळा हाच होता. त्या दिवशी लॉयोलाच्या खेळाडूंनी तीन गुणांच्या ४० फेकींपैकी २१ यशस्वी केल्या. त्यांतील ११ एकट्या जेफ फ्रायरच्या होत्या, आणि त्याचे एकूण गुण ४१ झाले. अशी नेमबाजी रोज होत नाही, तेव्हा पराभवाचा काही भाग नशिबाच्या खात्यावर टाकला पाहिजे. परंतु मिशिगननेही ११५ गुण केले. चाळीस मिनिटांत ११५ गुण करणारा संघ एरवी कोणत्याही सामन्यात जिंकला असता. येथे तो ३४ गुणांनी हरला, कारण समोर मोकळी जागा दिसताच तिच्यात धावत सुटण्याचा मोह त्याने आवरला नाही. मोकळी जागा खरीच होती. ती मुद्दाम सोडलेली होती, एवढेच.

पाचच दिवसांनी, २३ मार्च रोजी, अलाबामा विद्यापीठाच्या संघाने हा मोह आवरला. मोकळी जागा दिसूनही ते थांबले, चेंडू फिरवत राहिले, आणि फेक केल्यावर लगोलग मागे परतले. तो सामना लॉयोलाने जिंकला खरा, पण ६२ विरुद्ध ६० असा. १२२ गुणांची सरासरी असलेला संघ ६२ वर रोखला गेला. त्यानंतर २५ मार्च रोजी नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संघाने लॉयोलाला १३१ विरुद्ध १०१ असे हरवले, तेही त्याच्याच गतीने धावून. हा लास व्हेगासचा संघ त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरला. म्हणजे वेगवान संघाला वेगाने हरवता येते, मात्र त्यासाठी वेगातही आपण त्याच्यापेक्षा सरस असावे लागते. आपल्याकडील बहुतेक संघांसमोर अलाबामाचा मार्ग आहे, आणि ते निवडतात मात्र मिशिगनचा.

गतीचे गणित

वेगवान संघाला आपल्यापेक्षा अधिक चढाया मिळतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. एका संघाची चढाई संपली की चेंडू दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे दोन्ही संघांच्या चढायांची संख्या जवळजवळ समानच राहते. वेगवान संघ दोघांच्याही चढाया वाढवतो. म्हणून एकूण गुणांपेक्षा एका चढाईमागे पडलेले गुण पाहणे अधिक उद्बोधक ठरते. डीन ऑलिव्हर यांच्या २००४ सालच्या ग्रंथानंतर ही दृष्टी जगभर रुजली. चढाया मोजण्याची रीत सोपी आहे : बास्केटकडे केलेल्या एकूण फेकींमधून आपणच परत मिळवलेले रिबाउंड वजा करावेत, हातून गेलेले चेंडू मिळवावेत आणि मुक्त फेकींच्या संख्येला सुमारे ०.४४ ने गुणून येणारी संख्या त्यात मिळवावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संथ सामन्यात आपल्या संघाने ५० फेकी केल्या, ८ रिबाउंड परत मिळवले, १२ वेळा चेंडू गमावला व १० मुक्त फेकी घेतल्या. चढाया सुमारे ५८ झाल्या. गुण ५० असतील, तर चढाईमागे ०.८६ गुण पडले. वेगवान संघासमोर त्याच संघाच्या फेकी ६८, परत मिळवलेले रिबाउंड १०, गमावलेले चेंडू २२ आणि मुक्त फेकी १५ झाल्या. चढाया सुमारे ८७, गुण ६१, चढाईमागे ०.७०. गुणफलकावर ११ गुण वाढलेले दिसतात, त्यामुळे संघ परतताना म्हणतो की आक्रमण चांगले झाले, बचावाने घात केला. प्रत्यक्षात आक्रमणच कोसळलेले असते. गमावलेल्या २२ चेंडूंपैकी कित्येक समोरच्या संघाच्या बिनविरोध बास्केट झालेले असतात, म्हणजे बचावाचे दिसणारे अपयशही पुष्कळदा आक्रमणातूनच जन्मलेले असते.

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना आणखी एक गोष्ट सहज पटेल. चढाईमागे आपली सरासरी ०.८० व प्रतिस्पर्ध्याची ०.९० असेल, तर ५० चढायांत अपेक्षित अंतर ५ गुणांचे आणि ९० चढायांत ९ गुणांचे. अंतर १.८ पट वाढले. योगायोगाने होणारा चढउतार मात्र वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.३४ पटच वाढतो. दुबळ्या संघाला आधार असतो तो योगायोगाचा, आणि चढाया वाढल्या की तो आधार क्षीण होत जातो. सामना लहान करणे हे दुबळ्या संघाचे पहिले शस्त्र होय. नियमांत त्याला पुरेशी जागा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत २००० सालापासून एका चढाईस २४ सेकंद मिळतात. त्यांपैकी पहिल्या आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो. उरलेले सोळा सेकंद आपले असतात. आपले संघ ते बहुधा वापरतच नाहीत.

शरीर आणि निर्णय

दमाचा मुद्दा येथे येतो. तीव्र धावेसाठी स्नायूंत तयार असलेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच उतरतो. तो निम्मा भरून येण्यास साधारण अर्धा मिनिट व पूर्ण भरण्यास काही मिनिटे लागतात. वेगवान संघ ही मिनिटेच मिळू देत नाही. परंतु थकव्याचा परिणाम पायांपेक्षा आधी निर्णयावर दिसतो. थकलेला खेळाडू धावतो, पण पास द्यायच्या आधी मान वर करून पाहत नाही. ड्रिबल करीत सीमारेषेकडे जातो, आणि तेथे दोघे त्याची वाट पाहत असतात. रापणीचे जाळे दोन्ही बाजूंनी ओढत आणताना मासा किनाऱ्याकडेच सरकत जातो, तसे हे आहे. घेराबंदीतून सुटका ड्रिबलने क्वचितच होते. ती होते मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या साथीदाराकडे दिलेल्या छोट्या पासने.

आपल्या किनाऱ्यावर यात हवामानाची भर पडते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. पाऊस ओसरल्यानंतरच्या उकाड्यात हे विशेष जाणवते. तारकर्ली किंवा चिवल्याच्या वाळूत धावण्याचा सराव अनेकांना प्रिय आहे. मऊ वाळूवर धावण्यास कठीण जमिनीच्या मानाने सुमारे दीडपट ऊर्जा लागते, तेव्हा त्याने पाय बळकट होतात यात शंका नाही. मात्र वाळूत चेंडू उसळत नाही, आणि घेराबंदीत सापडलेल्या खेळाडूला हवे असलेले डोळे तेथे तयार होत नाहीत.

"आणखी धावा" या आदेशाची एक काळी बाजूही नोंदवली पाहिजे. लॉयोलाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू हँक गॅदर्स मिशिगनविरुद्ध खेळलाच नाही. डिसेंबर १९८९ मध्ये तो सामन्यात कोसळला होता व त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे निदान झाले होते. औषधोपचार घेऊन तो परतला, आणि ४ मार्च १९९० रोजी दुसऱ्या एका सामन्यात कोसळून वयाच्या तेविसाव्या वर्षी मरण पावला. त्याचा मृत्यू खेळाच्या गतीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. आजार त्याच्या हृदयात होता. पण धाप लागणे, चक्कर येणे किंवा छातीत धडधड होणे याला सरसकट "दम नाही" म्हणणारा मार्गदर्शक कोणत्या गोष्टीकडे डोळेझाक करीत असतो, हे या घटनेतून उघड होते. हंगामापूर्वीची वैद्यकीय तपासणी ही अर्जावरच्या सहीपुरती राहू नये.

अर्ध्या मैदानाचा सराव

मुळाशी जाऊन पाहिले तर पराभवाचे बीज सरावातच असते. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या मैदानावर सराव जवळजवळ अशक्य असतो. नवे प्रवेश, पाऊस, गणपतीची सुट्टी, सत्र परीक्षा यांतून उरलेल्या दिवसांत दहा खेळाडू एकाच वेळी हजर असणे दुर्मिळच. मग तिघे विरुद्ध तिघे असा, एकाच बोर्डावर, अर्ध्या मैदानात खेळ होतो. या खेळाने नेमबाजी सुधारते, हातचलाखीही येते. परंतु त्यात चेंडू गमावल्यावर अठ्ठावीस मीटर मागे धावण्याची वेळ कधीच येत नाही. बास्केट झाली की सगळे थांबतात, कोणीतरी चेंडू उचलून आणतो, दोन शब्द बोलले जातात. वेगवान प्रतिस्पर्धी नेमक्या याच क्षणी हल्ला करतो. आपल्या खेळाडूला ते पाच-सहा सेकंद विश्रांतीचे वाटतात. त्याच्या दृष्टीने सामना तेथेच असतो.

आणखी एक सवय घातक आहे. फेक होताच चौघे-पाच जण रिबाउंडसाठी बोर्डाखाली धावतात. उत्साह म्हणून ते चांगले दिसते, पण मागे कोणीच उरत नाही. वेगवान संघाविरुद्ध फेक हवेत असतानाच दोघांनी मागे वळले पाहिजे. काही रिबाउंड हातचे जातील. ते जाऊ द्यावेत. हे शिकवण्यास पाचही जण लागत नाहीत, पूर्ण मैदान मात्र लागते.

खो-खो खेळलेल्या मुलांना हा विचार परका नाही. चांगला पळणारा पाठलाग करणाऱ्यांच्या लयीत पळत नाही. तो त्यांची लय मोडतो, कधी खांबाशी रेंगाळतो, कधी एकाएकी निसटतो. तोच खेळाडू बास्केटबॉलच्या मैदानात उतरला की लय समोरच्याच्या हाती देऊन मोकळा होतो, कारण थांबणे हेदेखील कौशल्य आहे, असे त्याला या खेळात कोणी सांगितलेले नसते. टाइम आउटचेही तसेच. पूर्वार्धात दोन व उत्तरार्धात तीन टाइम आउट मिळतात. आपले मार्गदर्शक ते शेवटासाठी राखून ठेवतात, आणि सामना दुसऱ्या पावातच वीस गुणांनी निसटलेला असतो. सलग तीन बास्केट झाल्या की पहिला टाइम आउट घ्यावा. त्याचा उपयोग उपदेशासाठी नाही, श्वासासाठी करावा.

या सर्वांसाठी खर्च फारसा नाही. चढायांची नोंद ठेवण्यास एक वही व एक जागरूक विद्यार्थी पुरतो. गणित वा संख्याशास्त्र विभागातील कोणी ते काम आनंदाने करील. फेकी, परत मिळवलेले रिबाउंड, गमावलेले चेंडू व मुक्त फेकी असे चार रकाने प्रत्येक पावासाठी स्वतंत्र आखावेत, आणि गमावलेल्या चेंडूपुढे तो पास देताना गेला की ड्रिबल करताना, एवढे एक अक्षर लिहावे. पहिल्या पावातच चेंडू ड्रिबलमध्ये जात असतील, तर खेळाडू अजून थकलेले नाहीत आणि दोष दमाचा नाही, हे मध्यंतरापूर्वीच समजते.