पात्याची जिल्हई आणि दगडाचे चरे

शुभ्र धोतरावर शाईचा ठिपका पडला तर तो दुरूनहि डोळ्यांत भरतो. तोच ठिपका चौकडीच्या सतरंजीवर शोधूनहि सांपडत नाहीं. सुरीच्या पात्याची गोष्ट अशीच आहे. धार लावतांना पातें जरा निसटतें, त्याच्या अंगावर चरे उमटतात आणि नवी सुरी बिघडली म्हणून घरांत हळहळ होते. हाच अपघात दुसऱ्या सुरीला झाला तर तो कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. चरा तोच, भेद आहे तो जिल्हईचा.

आरशासारख्या नितळ पात्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परततो. चऱ्याच्या कडा मात्र त्याला भलतीकडे उधळतात, म्हणून तेथें केसासारखी रेघहि लख्ख दिसते. प्रकाशलहरीची लांबी मिलिमीटराच्या एक सहस्रांशाहूनहि कमी असते. उलट १००० क्रमांकाच्या मध्यम दगडाचे कण सुमारें एक शतांश मिलिमीटराचे असतात. त्यांचा चरा लपणार कसा?

दुसरी जिल्हई रेघांची. अशा पात्यावर एकाच दिशेनें बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्यांना समांतर गेलेला नवा चरा त्यांत मिसळून जातो; आडवा गेलेला तत्काळ उघडा पडतो. तिसऱ्या प्रकारांत पातीं फिरत्या पिंपांत कठीण खड्यांबरोबर घुसळतात. चहूंकडे जाणारे असंख्य चरे आधींच पडलेले असल्यानें त्या गर्दींत नवागताला कोणी ओळखत नाहीं. काळ्या लेपाचें पातें याच्या उलट. लेप खरवडला कीं खालचें उजळ पोलाद डोकावूं लागतें.

पण लपविण्याचा गुण हाच सर्वश्रेष्ठ गुण नव्हे. खडबडीत पृष्ठाच्या खांचांत ओल आणि मीठ राहतें व गंजाला वाव मिळतो. हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं शेफील्ड येथें तयार केलेल्या, सहसा न गंजणाऱ्या पोलादाच्या जातीलाहि नितळ जिल्हईच अधिक मानवते.

जाणत्या कारागिराला चरे म्हणजे उपयुक्त खुणाच होत. अधिक बारीक दगड घेतांना तो घासण्याची दिशा बदलतो. आधींच्या दगडाच्या रेघा धारेच्या उतरणीवरून पुसल्या गेल्या, म्हणजे नव्या दगडाचें काम पुरें झालें असें तो समजतो. उतरण सोडून पात्याच्या अंगावर चरे दिसले, तर पातें दगडावर फार निजविलें गेलें, हें तो ओळखतो.

महाराष्ट्रांत धार लावणाऱ्यास शिकलगार म्हणत आले आहेत. त्या नांवाच्या मुळाशीं असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ मात्र जिल्हई देणारा असा आहे. दोन कामें एका नांवांत नांदलीं, तरी तीं एक नव्हेत. चकचकीत पातें बोथट असूं शकतें, आणि चऱ्यांनीं भरलेली सुरी पिकल्या टोमॅटोची साल न दाबतां कापते. चरे घालविण्यासाठीं पातें पुनःपुन्हां घासलें, तर पोलाद मात्र झिजतें. म्हणून सुरीची परीक्षा खिडकीच्या उजेडांत नव्हे, त्या सालीवर करावी.