सातशेंची वर्गणी

धर्मप्रसारक आणि नवे साधन यांची गाठ फार जुनी आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरास १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तेव्हा मराठी वृत्तपत्रसृष्टी अजून बाल्यावस्थेतच होती. छापखान्यामागून नभोवाणी आली, नभोवाणीमागून दूरचित्रवाणी. परंतु साधन जितके प्रभावी तितके ते खर्चिक. आणि तो खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाच्या उत्तरावर संस्थेचे पुढचे सारे चरित्र ठरते. अमेरिकेतील एका लहानशा ख्रिस्ती दूरचित्रवाणी केंद्राच्या इतिहासावरून आम्ही हाच प्रश्न येथे पाहणार आहोत.

व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक हे आरमाराचे मोठे ठाणे आहे. नदीपलीकडे पोर्टस्मथ हे गाव. तेथील सत्तावीस क्रमांकाच्या वाहिनीचे केंद्र बंद पडले होते. पॅट रॉबर्टसन या तरुणाने ते विकत घेतले. हे गृहस्थ सिनेटरचे चिरंजीव, येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. पण वकिलीकडे न जाता धर्मशास्त्राकडे वळलेले. १९६० साली त्यांनी ‘ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’ ही संस्था नोंदविली आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी केंद्र सुरू झाले. ‘डब्ल्यूवायएएच’ हे त्याचे नाव ‘याहवे’ या परमेश्वरवाचक हिब्रू नामावरून घेतलेले होते.

बंद पडलेले केंद्र स्वस्तात का मिळाले, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी विकले जाणारे बहुतेक संच दोन ते तेरा या क्रमांकांच्याच वाहिन्या पकडीत. त्यापलीकडच्या वाहिन्या अधिक कंपनसंख्येच्या लहरींवर चालत. त्या पाहण्यासाठी संचाला निराळे उपकरण जोडावे लागे. प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, आणि जाहिराती नाहीत म्हणून केंद्रे बंद, असा तो फेरा होता. सर्व वाहिन्या पकडणारे संचच विकले जावेत, असा कायदा अमेरिकन काँग्रेसने १९६२ साली केला आणि १९६४ पासून तो अमलात आला. व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली जागा धर्मप्रसारकाच्या हाती आली ती अशी.

तरी वीज, यंत्रे आणि माणसे यांचा खर्च चुकत नव्हता. १९६३ साली महिन्याचा खर्च सुमारे सात हजार डॉलर होता. रॉबर्टसन यांनी पडद्यावरूनच आवाहन केले: सातशे प्रेक्षकांनी दरमहा दहा डॉलर द्यावेत. हिशेब अगदी सरळ! या सातशेंवरूनच पुढे १९६६ साली सुरू झालेल्या ‘सेव्हन हंड्रेड क्लब’ या कार्यक्रमास नाव मिळाले. प्रार्थना, संभाषण आणि दूरध्वनीवरून येणारी प्रेक्षकांची विनंती, असे त्याचे स्वरूप होते.

वर्गणीने केंद्र तरले, इतकेच नव्हे तर फोफावले. १९७७ साली संस्थेने आपले कार्यक्रम उपग्रहाद्वारे देशभरच्या केबल कंपन्यांना पुरविण्यास प्रारंभ केला. मात्र विस्ताराबरोबर जुनी करमणुकीची चित्रेही आली, जाहिरातीही आल्या. धर्मादाय म्हणून करमुक्त असलेल्या संस्थेच्या पदरी नफ्याचा व्यवसाय पडला, आणि १९९० साली तो वेगळा काढून एका खासगी कंपनीकडे द्यावा लागला. तिचे सूत्रधार रॉबर्टसन पितापुत्रच होते. १९९७ साली ती कंपनी सुमारे १९० कोटी डॉलरना विकली गेली. १९९० च्या विक्रीची आणि या विक्रीची मोठी रक्कम मूळ संस्थेस मिळाली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ‘सेव्हन हंड्रेड क्लब’ पुढेही दाखविला जावा, अशी अट वाहिनीच्या नव्या मालकांवर राहिली. पोर्टस्मथचे मूळ केंद्र मात्र १९८९ सालीच विकले गेले होते, आणि त्याबरोबर ते हिब्रू नावही गेले.

याच केंद्रात १९६५ च्या सुमारास जिम बेकर हे बाहुल्यांचा खेळ करून मुलांना रमवीत. पुढे त्यांनी स्वतःची निराळी संस्था काढली आणि देणगीदारांची फसवणूक केल्याबद्दल १९८९ साली ते दोषी ठरले. दोन्ही संस्थांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते: दरमहा पैसे देणारा मनुष्य संस्थेचा आधार होता, सभासद म्हणवला जात होता, निर्णयात त्याला मत नव्हते.

जाहिरातदाराच्या पैशाने संस्था मिंधी होते आणि लोकांच्या वर्गणीने स्वतंत्र राहते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. वर्गणी संस्थेला बाहेरच्यांपासून स्वतंत्र करते. चालकांना वर्गणीदारांपासून स्वतंत्र करू द्यायचे की नाही, हे संस्थेच्या घटनेत लिहावे लागते. श्रद्धेने दिलेल्या दहा डॉलरांबरोबर हिशेब विचारण्याचा हक्कही दिला गेला असता, तर श्रद्धेला त्याने कमीपणा आला नसता. लोकाश्रयावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेने, मग ती मंदिराची असो, चर्चची असो की व्याख्यानमालेची, हे ध्यानात ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.