कुंडीतली काळी माती

श्रावणात अकोटातल्या एका घरी चहाच्या कपावर बशी झाकावी लागत होती. झाकली नाही तर दोन मिनिटांत एखादं काळं चिलट चहात तरंगायचं. आधी संशय केळ्यांवर गेला, मग मोरीवर. शेवटी लक्ष गेलं खिडकीतल्या मनीप्लांटकडे. कुंडीला धक्का लागला की पाच-सात चिलटं उठत आणि पुन्हा मातीवरच बसत.

कुंडीतली माती घरच्या वावरातली होती. सातपुड्याच्या पायथ्याची ही काळी कसदार जमीन पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पोसते. "आपल्या वावरातली माती हाय, तिले काय झालं?" हा घरच्या बाईंचा प्रश्न म्हणूनच रास्त होता.

मातीला काही झालं नव्हतं, कुंडी तिला मानवली नव्हती. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. वावरात तिला चार हात खोल जायला जागा असते. आठ इंचांच्या कुंडीत ती आकसून कडेला भेग पडते. मग ओतलेलं पाणी त्या भेगेतून सरळ बशीत उतरतं. बशी भरली, म्हणजे झाड प्यालं असं वाटतं. पावसाळ्यात याच्या उलट: माती फुगून गच्च बसते, हवा कोंडते, वरचा थर दिवसेंदिवस ओला राहतो. त्यात अर्धवट कुजलेलं शेणखत असलं की बुरशी धरते, आणि या चिलटांच्या अळ्यांना तीच हवी असते. बुरशी पुरली नाही तर त्या कोवळ्या मुळांकडे वळतात.

खात्री करायला बटाट्याची एक चकती पुरली. ती मातीवर दाबून ठेवली, दोन दिवसांनी उलटली. खाली काचेसारख्या पांढुरक्या, काळ्या चमकदार डोक्याच्या अळ्या वळवळत होत्या.

धाकट्या दिरांनी शेतातून पिवळा चिकट सापळा आणला. "वहिनी, हे तं कपाशीतलंच हाय." पांढऱ्या माशीसाठी लावतात तोच. त्याचे चार तुकडे काड्यांना टोचून कुंड्यांत उभे केले. दुसऱ्या दिवशी पिवळ्यावर काळे ठिपके दिसले. पण सापळ्यात फक्त उडणारी चिलटं अडकतात. ती जेमतेम आठवडाभर जगतात, तेवढ्यात एकेक मादी शंभरावर अंडी घालून मोकळी होते. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा उबदार हवेत तीन-चार आठवड्यांचा, म्हणून चार दिवसांत हात टेकणाऱ्याची पंचाईत.

अळ्यांवर एक जिवाणूही चालतो, आणि त्याचं नाव वऱ्हाडाला अनोळखी नाही. २००२ साली भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत ज्याचं जनुक आहे, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचा इस्रायलेन्सिस हा प्रकार १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. बोंडअळीशी त्याला देणंघेणं नाही. तो डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्या मारतो. डासांसाठी मिळणारी भुकटी पाण्यात कालवून कुंडीत घालणारे म्हणूनच काही वेडे नव्हेत.

इथे मात्र आधी पाणी तोडलं. बोट दोन पेरं घालून माती कोरडी लागेपर्यंत तांब्या उचलायचा नाही. मग कुंड्या नव्यानं भरल्या: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे. स्नेक प्लांटसाठी रेती दुप्पट. कोकोपीट आधी दोनदा धुतलं, कारण त्यात मीठ असू शकतं. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घालणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. निंबोळी पेंड मूठभरच. ओलाव्यात तिलाही बुरशी येते. तळाला गोटे घातले नाहीत. त्यानं निचरा वाढतो ही समजूत जुनी आहे, पण पाणी गोट्यांवरच्या मातीत अडून बसतं आणि मुळांना जागा तेवढी कमी होते.

महिनाभरानं सापळ्याच्या नव्या तुकड्यावर आठवड्यात दोनच ठिपके आले. उपसलेली काळी माती टोपल्यात भरून दिरांसोबत वावरात परत गेली. घरात चहावर बशी अजून झाकतात, सवयीनं.