वेगवान गोलंदाजाची पाठ

नोव्हेंबर २०११ मध्ये दोन वेगवान गोलंदाजांनी कसोटीत पदार्पण केलं. दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध उमेश यादवने, वय २४. आणि जोहान्सबर्गला पॅट कमिन्सने, वय १८. कमिन्सने दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेतले, विजयी फटकाही त्यानेच मारला. त्यानंतरची त्याची कसोटी मार्च २०१७ मध्ये, रांचीत. मधली पाच वर्षं मुख्यतः पाठीच्या मणक्यातल्या स्ट्रेस फ्रॅक्चरने खाल्ली. रांचीत समोरच्या संघात उमेश होता. नागपूरजवळच्या खापरखेड्यातल्या कोळसा खाण कामगाराचा हा मुलगा विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. लेदर बॉल उशिरा हाती आला याची तेव्हा अनेकांना हळहळ वाटली असेल. मला मात्र त्यात त्याचं नशीब दिसतं. दुखापती त्यालाही झाल्या, पण कोवळ्या वयात त्याच्या पाठीवर दिवसाला वीस षटकांचं ओझं कुणी टाकलं नव्हतं. आपल्याकडे चर्चा होते ती वेगवान गोलंदाज कुठे सापडेल याची. माझ्या मते खरी उणीव शोधण्यात नाही. सापडलेला मुलगा सोळा ते बावीस या वयात सांभाळण्यात आहे.

हे वय नाजूक का, ते एका चेंडूकडे नीट पाहिलं की कळतं. धावत आलेला गोलंदाज पुढचा पाय क्रीजवर रोवतो, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचसहा पट जोर आदळतो. गुडघा ताठ राहिला तर धावण्याचा वेग खांद्यात आणि तिथून चेंडूत उतरतो. गुडघा वाकला की वेग तिथेच जिरतो. म्हणजे ज्या ताठ पायाने वेग मिळतो, तोच हादरा वर कमरेकडे पाठवतो. त्याच क्षणी पाठ मागे झुकलेली, एका बाजूला कललेली आणि वळत असलेली असते. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिश्र अ‍ॅक्शन असेल, तर पीळ आणखी वाढतो. कमरेच्या मणक्याचं हाड विशी उलटेपर्यंत पुरतं पक्कं झालेलं नसतं. त्याला पडलेली बारीक चीर सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखीच वाटते. मुलगा सांगत नाही, कारण संघातली जागा जाईल ही भीती असते.

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याला हे स्वतःच्या देहावरून ठाऊक होतं. १९७३ मध्ये त्याची पाठ मोडली होती आणि अ‍ॅक्शन व व्यायाम दोन्ही नव्याने बसवून तो परतला होता. म्हणून १९८७ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्याला आणणं ही फार शहाणी निवड होती. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईमार्गे तिथे पोहोचला आणि पुढे ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन गेला. पण अशा संस्थेत मूठभर मुलं जातात. बाकीच्यांना निवड चाचणीत स्पीडगनचा आकडा तेवढा मिळतो, आणि आकडा मोठा आला की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक संघाला तो मुलगा हवा असतो.

यावर जुने खेळाडू म्हणतील की गोलंदाज गोलंदाजी करूनच घडतो. कपिल देव १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकला नाही. आक्षेप वजनदार आहे, अर्धा खराही आहे. कमी गोलंदाजी करणाऱ्याचं शरीर कणखर होत नाही. पण कपिलची अ‍ॅक्शन सरळ, साइड-ऑन होती, आणि तसा देह अपवादानेच मिळतो. रमाकांत देसाईंचंही उदाहरण घ्यायला हवं. जेमतेम सव्वापाच फुटांच्या या मुंबईकर गोलंदाजाकडून १९५९ मध्ये दिल्लीच्या पदार्पणाच्या कसोटीत एकाच डावात ४९ षटकं टाकून घेतली गेली. विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची शेवटची कसोटी झाली. टिकलेल्या एकाकडे पाहून नियम ठरवला, तर न टिकलेले मोजायचे राहून जातात. शिवाय विश्रांती हा एकमेव उपाय आहे असं माझं म्हणणं नाही. घात बहुतेकदा अचानक वाढलेल्या भाराने होतो: दोन महिने आयपीएलची चार-चार षटकं, आणि मग चारदिवसीय सामन्यात एकदम वीस. भार पायरीपायरीने चढवला, तर तरुण पाठही पुष्कळ सोसते.

इंग्लंडमध्ये वेगवान गोलंदाजाच्या वयानुसार स्पेलची आणि दिवसाच्या षटकांची मर्यादा ठरलेली आहे. आपल्याकडे शाळा, क्लब आणि जिल्हा संघ आपापली षटकं मोजतात. एकाच मुलाची बेरीज कुणीच करत नाही, आणि नेटमधले चेंडू तर कुणाच्याच हिशेबात नसतात. यासाठी परदेशी प्रशिक्षक किंवा महागडी यंत्रं लागत नाहीत. आपल्या मैदानावर असा मुलगा असेल, तर प्रशिक्षकांनी आणि पालकांनी आजपासून एक वही घालावी, सामन्यातला आणि सरावातला प्रत्येक चेंडू तीत मांडावा, आणि त्याने पाठ दुखते म्हटलं की त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून त्याला डॉक्टरकडे न्यावं.